टेलर मास्तरांचं नवं तोंड

४ मार्च, सकाळी ७.१०

ही काल गेली. लेकीकडे. भर दुकानात, गिऱ्हाईक समोर असताना. जाताना एकच वाक्य: यापुढे मला तुमचं तोंड बघायचं नाही. अठ्ठावीस वर्षांच्या संसाराचा निकाल सहा शब्दांत. लोक पँटची उंची सांगायलासुद्धा यापेक्षा जास्त शब्द घेतात.

कारण? शून्य. चष्मेवाल्या बाई कोटाच्या मापाला आल्या होत्या. बायकांची मापं हीच घेते. बाई म्हणाल्या, टेपवरचे आकडे पुसलेत की. मी कटिंगच्या टेबलावरून म्हटलं, पुसणारच, आमची मालकीण रोज स्वतःची कंबर मोजते, टेपसुद्धा निम्म्या वाटेत दम खाते. साधा विनोद. बाई हसल्या. निदान तोंडावर हात तरी धरला. हिने गळ्यातली टेप काढली, गुंडाळली, टेबलावर ठेवली आणि आत जाऊन बॅग भरली. कोटाचं माप अर्धंच राहिलं. धंद्याची जाणीव म्हणून नाही.

दोन दिवसांत येईल. जाणार कुठे?

६ मार्च, सकाळी ९.००

आली नाही. संकल्प: आपण होऊन फोन करायचा नाही. पुरुष एकदा वाकला की कायमचा वाकला.

६ मार्च, ११.४०

फोन केला. लेकीने उचलला. आईला बोलायचं नाही म्हणाली. मी म्हटलं, मलाही बोलायचं नाही असं तिला सांग. लेक म्हणाली, बाबा, मग फोन कशाला केला? हल्लीच्या मुलांना तर्क शिकवतात, रीत शिकवत नाहीत.

८ मार्च

त्या सहा शब्दांवर शांत डोक्याने विचार केला. मी शिंपी आहे. कपडा कुठे ओढतोय ते उसवून बघतो. तोंड बघायचं नाही, असं आहे वाक्य. म्हणजे तक्रार तोंडाची. स्वभावाची असती तर स्वभाव म्हणाली असती. शब्द जपून वापरणारी बाई आहे, कारण आमच्या घरात तिच्यावर बोलायची पाळी फारशी येतच नाही.

ट्रायल रूममध्ये गेलो. तिथे तीन आरसे आहेत, गिऱ्हाइकाला स्वतःची पाठ दिसावी म्हणून. एवढ्या वर्षांत मी त्यात स्वतःला कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं. बाजूने. गालांचं कापड उतरून जबड्यावर झोळ मारतंय. हनुवटीखाली जादा माल. डोळ्यांखाली दोन खिसे, फ्लॅपसकट. हे काम दुसऱ्या कुणाचं म्हणून माझ्याकडे अल्टरेशनला आलं असतं तर मी आल्या पावली परत पाठवलं असतं.

बिचारी. इतकी वर्षं बघत होती आणि बोलली नाही. मोठ्या मनाने तिला माफ केलं. तोंडाचं बघून घेऊ.

९ मार्च

काजबटणला सांगितलं. हा माझा म्हातारा कारागीर. काजं करतो, बटणं लावतो, उरलेल्या वेळात मतं देतो. म्हटलं, चेहऱ्याचं ऑपरेशन करून घेतोय, मालकिणीची तक्रार आहे. सुई थांबवून म्हणाला, मास्तर, वहिनी तोंड म्हणाल्या, चेहरा नाही म्हणाल्या. मी म्हटलं, फरक काय? म्हणाला, चेहरा दिसतो. तोंड ऐकू येतं.

जन्मभर कपड्याला भोकं पाडणारा माणूस, त्याला प्रत्येक गोष्टीत भोकच दिसणार. अर्धा तास सुनावलं त्याला. त्याने दाताने दोरा तोडला आणि पुढचं काज घेतलं. पालथ्या घड्यावर पाणी.

१२ मार्च

क्लिनिकला गेलो. वेटिंग रूममध्ये सगळे मासिकाआडून एकमेकांकडे बघत होते, याचं काय बिघडलंय ते शोधत. एका बाईने माझ्याकडे पाहिलं आणि कळवळून मान वळवली. म्हणजे केस गंभीर आहे. योग्य जागी आलो.

फॉर्म भरायचा होता. ‘तक्रार’ असा रकाना होता. हिच्याबद्दल दीड पान लिहिलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, आजोबा, इथे शरीराची तक्रार लिहायची. आजोबा! मी चोपन्न वर्षांचा आहे. मग खाली तेही लिहिलं. ‘अपेक्षित परिणाम’ या रकान्यात लिहिलं: पत्नी परत येणे.

डॉक्टरीणबाई साधारण माझ्याच वयाच्या. नखं बारीक कापलेली, हात स्थिर. कटरचे हात. फक्त त्यांच्या पांढऱ्या कोटाचा उजवा खांदा उतरलेला होता. मी तसं सांगितलं. कुणी शिवला त्याचं नावही विचारलं. त्या म्हणाल्या, आपण तुमच्याबद्दल बोलू या.

प्रश्न घरून लिहून नेले होते, सतरा. पहिला: प्लास्टिक कोणतं घालता, आणि धुतल्यावर आकसतं का? बाई म्हणाल्या, हे रोज कुणीतरी विचारतंच. प्लास्टिक घालत नाहीत, त्या शब्दाचा अर्थ आकार देणं. कातडी पेशंटचीच. म्हणजे कापड गिऱ्हाइकाचं, शिलाई यांची. समजलं. दुखेल का? तेव्हा भूल असते, नंतर ठणकतं आणि ओढ बसते, त्याला गोळ्या आहेत. व्रण राहील का? राहील, पण कानाच्या पुढे-मागे आणि केसांच्या कडेला लपवू. बरोबर, आम्हीही टीप अस्तराखालीच घालतो. किती टिकेल? आठ-दहा वर्षं, कारण वय काही थांबत नाही. मी म्हटलं, माझा सूट पंधरा वर्षं जातो. त्यावर त्या फक्त पाणी प्यायल्या. लोकांना कळेल का? काम चांगलं झालं तर लोक एवढंच म्हणतात, विश्रांती घेतलेली दिसते. मी म्हटलं, लोक गेले खड्ड्यात, एकाच माणसाला कळायला हवंय.

इथे बाईंनी पेन खाली ठेवलं. विचारलं, हे तुम्ही कुणासाठी करताय? म्हटलं, स्वतःसाठी. त्यांनी फॉर्म फिरवून माझ्यापुढे धरला. म्हणाल्या, मी कातडी ओढू शकते, माणूस नाही. महिनाभर विचार करा. जमलं तर घरच्यांशी बोला.

घरच्यांशी बोला! उरलेले बारा प्रश्न खिशातच राहिले.

२५ मार्च

स्वावलंबन. अंडं उकडलं, फुटलं. दुसरं उकडलं, विसरलो. शर्टाला स्वतः इस्त्री केली, ती मात्र उत्तम. तुरपाईचं काम तुंबलंय. पँटचे पायथे, कोटांची अस्तरं, सगळं टोपलीत. ते हीच करायची, सकाळी एक तास, दुपारी दोन. मी त्याला कधी काम म्हटलं नाही. आत्ताही म्हणणार नाही. पण तुंबलंय.

एका गिऱ्हाइकाने पायथे न झालेली पँट टाचण्या लावून नेली. जाताना म्हणाला, वहिनी कधी येणार? मी म्हटलं, तुमचं पोट आत गेल्यावर. तो पुन्हा आलेला नाही.

१२ एप्रिल

महिना पुरा. नवा फॉर्म. अपेक्षित परिणाम: ताजेतवाने दिसणे. बाईंनी दोनदा वाचला. विचारलं, पत्नीशी बोललात? म्हटलं, आमच्यात आता कसलाही वाद नाही. हे खरंच आहे. वादाला समोर दुसरा माणूस लागतो.

तयार झाल्या. फोटो काढले, पुढून, बाजूने, मान खाली घालून. मग जांभळ्या पेनाने गालावर, कानापुढे रेघा मारल्या. मी लगेच ओळखलं: हा आपलाच खडू. म्हटलं, बाई, ओढताय तर चांगलं तट्ट ओढा, कंजुषी नको. त्या म्हणाल्या, सगळं काढून चालत नाही. फार ताणलं तर चेहरा ताणलेलाच दिसतो, टाक्यांवर जोर येतो, थोडी सैल ठेवावीच लागते. म्हटलं, आमच्यात याला माया म्हणतात. शिवणीत माया सोडली नाही तर कपडा अंगावरच उसवतो. बाई पहिल्यांदाच मनापासून हसल्या. म्हणाल्या, अगदी तेच.

अठ्ठावीस वर्षांत हिला माझ्या बोलण्यातलं शहाणपण दिसलं नाही. शिकलेल्या बाईला पाच मिनिटांत दिसलं.

अट: सिगरेट आजपासून बंद. धुराने कातडीचं रक्त कमी होतं, कड मरते, म्हणाल्या. तारीख चार मे.

१३ एप्रिल

सिगरेट बंद. एकदम. इच्छाशक्तीचा प्रश्न आहे.

१३ एप्रिल, दुपारी ४.००

एक ओढली. पाकिटात उरलेली होती. वाया कशाला घालवायची?

२० एप्रिल

आता पाकीट काजबटणकडे ठेवायला दिलंय. मागितलं तरी देऊ नकोस म्हणून बजावलं. मागितलं. देत नाही. नोकर माणूस किती उर्मट होऊ शकतो!

३ मे

क्लिनिकमध्ये तपासणी. बाईंनी लांबूनच विचारलं, केव्हा ओढलीत? म्हटलं, बसस्टॉपवर शेजारचा ओढत होता. म्हणाल्या, शेजाऱ्याने तुमची बोटं पिवळी केली का? तारीख पुढे ढकलली. पंचवीस मे. तीन आठवडे! त्या शेजाऱ्यामुळे.

१५ मे

बारा दिवस एकही नाही. शपथेवर. हे हिला कळायला हवं होतं. लेकीला फोन करून आडून सांगितलं. लेक म्हणाली, चांगलं झालं बाबा, पण ऑपरेशन कशाला? आईला काय हवंय ते विचारा की एकदा. मी म्हटलं, ते मला माहीत आहे. तिने सुस्कारा सोडला. आईवर गेलीय. सुस्कारासुद्धा तसाच, नाकातून.

२६ मे, हॉस्पिटलमधून

काल झालं. चार तास. डोक्याभोवती पट्टी, हनुवटीखालून डोक्यावर घट्ट पट्टा. पट्ट्याची शिलाई अत्यंत सुमार, टीप वाकडी. नर्सला सांगितलं. कडेने दोन टिपा कशा मारायच्या तेही सांगितलं. मग तिच्या ड्रेसचं सांगितलं, मग शेजारच्या पेशंटच्या पायजम्याचं. सकाळभर बोलत होतो, मूड चांगला होता. दुपारी डावा गाल फुगला. आत रक्त साकळलं होतं. पुन्हा आत नेलं, सुईने काढलं.

बाई चिडल्या. चावणं नाही, हसणं नाही, आणि बोलणं तर अजिबात नाही, म्हणाल्या. आठ दिवस तोंडातून एक शब्दही नको, नाहीतर टाके जातील आणि परिणामही.

परिणाम म्हटल्यावर ऐकावंच लागलं.

२७ मे

घरी. न्यायला लेक आली. तिच्यामागे ही.

माझ्याकडे पाहिलं. पाहायला काही नव्हतंच: वर पट्टी, खाली पट्टा, मध्ये दोन काळेनिळे डोळे आणि नाक. म्हणाली, हे काय करून घेतलंत? उत्तर तयार होतं, चांगलं धारदार. पट्टा आड आला.

लेकीला सुटी नव्हती. ही म्हणाली, दोन दिवस थांबते. शत्रूचंसुद्धा करतो माणूस.

२८ मे

अक्षर मोठं काढतोय, चष्मा लावता येत नाही, कानामागे टाके आहेत. लेक पाटी घेऊन आली, म्हणाली, लिहून बोला. हात हलवून नाही म्हटलं. आपण काय मुके आहोत?

हिने चमच्याने सूप भरवलं. गरम होतं. सांगता आलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी बघून तिनेच फुंकर घातली.

२९ मे

चष्मेवाल्या बाई कोटाची चौकशी करायला आल्या. कापड मार्चपासून पडून आहे. ही म्हणाली, माप पुरं करते आणि मीच कापते. या दुकानात हिने आजवर कापडाला कात्री लावलेली नाही. कात्री माझी. मी दुकानामागच्या खोलीत कॉटवर, मध्ये फक्त पडदा. दोन्ही हात जोरजोरात हलवले. तिला वाटलं पाणी हवंय. पाणी दिलं.

३० मे

पडदा बाजूला करून ठेवला. मला बरं वाटावं म्हणून, म्हणाली. कटिंगचं टेबल नजरेसमोर. तिने खडू मारला, कात्री घेतली. बाहीचा मुंढा चुकतोय. पाठीला अर्धा इंच जास्त. खिसा वर. चौदा वेळा तोंडाशी आलं, चौदा वेळा गिळलं. सूपापेक्षा तेच पोटात जास्त गेलं.

कापता कापता बोलत होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने मला म्हटलं होतं म्हणे, मला कटिंग शिकवा. मी म्हणालो होतो, तुझ्या हातात कात्री म्हणजे कापडाचा खून. आत्याबाई, मामा, सगळे बसलेले होते, सगळे हसले होते. मला आठवत नाही. पण वाक्य माझंच वाटतं.

तिला शब्द न् शब्द पाठ आहे. आणखीही बरीच सांगितली, सालवार. कात्री चालूच होती. मला काही बोलायची सोय नव्हती, म्हणून सगळं ऐकलं.

३१ मे

कोट उभा राहिला. मुंढा मी सांगितला असता त्यापेक्षा बरा बसलाय. (हे कुणाला सांगायचं नाही.) दोन दिवस कधीच झाले. गेली नाही.

१ जून

काजबटण म्हणाला, दुकानात एवढी शांतता आहे की सुईचा आवाज येतो. ही हसली. नुसतं ओठात नाही. मान मागे टाकून. हिचे पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेत. मला माहीत नव्हतं. हसताना ही माझ्यासमोर तोंडावर हात धरते. आज धरला नाही.

मला फार बरं वाटलं. लिहून ठेवतो, कारण याआधी असं कधी वाटलं होतं ते आठवत नाही.

निष्कर्ष: ऑपरेशन यशस्वी. चेहरा अजून पट्टीतच आहे तरी हा परिणाम. उघडा झाल्यावर काय होईल!

३ जून

हिने बॅगेतले कपडे कपाटात लावले. माझ्या शर्टांच्या बाजूला. मग कॉटशी येऊन बसली. म्हणाली, हे आठ दिवस बरे गेले. राहू का? मी मान हलवली. टाका ओढला गेला, डोळ्यांपुढे अंधारी आली. तरी हलवली.

४ जून

पट्टा सुटला, टाके काढले. बाई खूश. सूज अजून आहे, कानाजवळ बधिर आहे, पण जबडा धारेवर इस्त्री केल्यासारखा. बोला आता, म्हणाल्या, पण बेताने. मी म्हटलं, तुमचा खांदा अजून उतरलेलाच आहे. आवाज शाबूत आहे.

ही लेकीकडचं उरलेलं सामान आणायला गेलीय, सकाळी येईल. पहिलं वाक्य ठरवलं: कोट छान झालाय. तीन शब्द. पुढे पूर्णविराम. आरशासमोर पाच वेळा म्हणून पाहिलं. नव्या चेहऱ्याला शोभतं.

५ जून

ही आली. दारातच थांबून पाहिलं. म्हणाली, छान दिसताय. मग जवळ येऊन विचारलं, फार दुखलं का हो?

मी उत्तर देणार तेवढ्यात चष्मेवाल्या बाई. कोट घातला. तीन आरशांत फिरून फिरून पाहिला. म्हणाल्या, मास्तर, इतका नेमका कोट मला आजवर कुणी दिला नाही. ही टेबलाशी उभी होती. नुसती माझ्याकडे बघत होती. थांबली होती.

मी म्हटलं, कोट छान झालाय. बरोबर म्हटलं. ठरल्याप्रमाणे. मग काय झालं कोण जाणे, तेवढंच वाक्य फार बोडकं वाटलं. पुढे जोडलं: आंधळ्याच्या गायी देव राखतो. बाई जराशा हसल्या. त्या हसल्या म्हणून आणखी एक: कापड भरपूर असलं की कुणीही कापेल, आणि हिला भरपूर कापडाची घरचीच सवय आहे. यावर बाई हसल्या नाहीत.

हिने माझा चेहरा बघितला. पूर्ण, ट्यूबलाइटच्या उजेडात, बराच वेळ. मला वाटलं, आता नीट दिसला हिला. मग आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला.

६ जून

या वेळी काहीच बोलून गेली नाही. एक शब्दही नाही.

खरं बघता चूक डॉक्टरीणबाईंची. आठ दिवस माणसाला दाबून ठेवलं की एकदम बाहेर पडणारच. शिवाय चष्मेवाल्या बाईंनी पहिल्याला हसायला नको होतं. शिवाय सूज. सूज पूर्ण उतरायला तीन महिने लागतात. अंतिम परिणाम तेव्हा. तोपर्यंत निष्कर्ष काढायचा नाही.

९ जून

लेकीचा फोन. तिच्या पुढच्या खोलीत हिने शिवणकाम सुरू केलंय. कटिंग स्वतः करते. चष्मेवाल्या बाईंनी दोन जणी पाठवल्यात. काजबटण दुपारनंतर तिकडे जातो, मला वाटत होतं गुडघे दुखतात म्हणून लवकर निघतो.

मी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाली का? लेक म्हणाली, हो, चेहरा अगदी छान झालाय असं सांगत होती. सगळ्यांना सांगते.

फोन ठेवून ट्रायल रूममधला दिवा बंद केला.

१३ जून, दुपारी ३.३०

क्लिनिकला गेलो. अपॉइंटमेंट नव्हती, बसून राहिलो. बाईंनी कानामागे पाहिलं, हनुवटी वर करून पाहिलं. म्हणाल्या, उत्तम भरलंय, काय त्रास होतोय? म्हटलं, त्रास नाही. एक प्रश्न राहिला होता. तो पट्टा पुन्हा बांधता येईल का? म्हणाल्या, आता गरज नाही, जखम भरलीय. म्हटलं, जखमेसाठी नको. कायमचा बांधला तर काही अपाय आहे का? बाईंनी माझ्याकडे पाहिलं. सिगरेटबद्दल विचारतील असं वाटलं. म्हणाल्या, अपाय काही नाही.

घरी आलो. दुकानात कुणी नव्हतं. घरी आणून ठेवलेला पट्टा कपाटातून काढला, कडेने दोन सरळ टिपा मारल्या, आरशासमोर बांधला. घट्ट. मग लेकीच्या घरी फोन लावला. हिने उचलला. हॅलो म्हणाली. नंबर माझाच दिसला असणार. मी बोललो नाही. पुन्हा हॅलो म्हणाली, हळू. मागे मशीन चालू होती, ती थांबली. मी बोललो नाही. तिने लगेच ठेवला नाही.

एक मिनिट वीस सेकंद. मग ठेवला.